बाहीवरचा बर्फ

मिरजेला गेले की कुणी ना कुणी विचारतंच, "तू तिकडे नेदरलँड्समध्ये नेमकं करायचीस काय?" मी सांगते, "बर्फ पाडायचे." समोरचा माणूस आधी हसतो, मग खात्री करायला माझ्या नवऱ्याकडे बघतो. आमचे हे मुकाट्याने मान हलवतात. यांची आइंडहोवनची चिपच्या यंत्रांची नोकरी कुणालाच कळत नाही, म्हणून तिच्याबद्दल सगळ्यांना आदर. माझी लगेच कळते, म्हणून तिची थट्टा. आम्ही नीउ-व्हेनेपला राहिलो तेही माझ्याच नोकरीपायी. हे रोज ट्रेनने आइंडहोवनला जायचे आणि रोज घरी येऊन मला ते ऐकवायचे.

थट्टा करून झाली असेल तर ऐका. आमच्या घरापासून सायकलवर जाता येईल अशी एक टेकडी आहे. आमच्या भागात टेकडी दिसली की संशय घ्यावा, कारण सगळी जमीन समुद्राच्या पातळीखालची, पाणी उपसून मिळवलेली. तर ही टेकडी कचऱ्याची. जुन्या कचऱ्यावर माती पसरली, तिच्यावर पत्र्याची एक लांबलचक तिरकी पेटी उभी केली आणि त्या पेटीत आम्ही बाराही महिने बर्फ पाडायचो. लादीचा बर्फ नव्हे, आकाशातून पडतो तसला भुसभुशीत. लोक तिकीट काढून येत, पायाला स्की बांधून वरून खाली घसरत आणि सरकत्या पट्ट्यावर उभं राहून पुन्हा वर जात. मी तिथली रेफ्रिजरेशन इंजिनिअर. त्याआधी तासगावला बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये होते. तिथे माल निदान खायला तरी यायचा.

या धंद्यातली पहिली गोष्ट म्हणजे थंडी तयार करता येत नाही. आतली उष्णता उचलून बाहेर टाकता येते, एवढंच. घरच्या फ्रिजच्या मागे हात लावून बघा. आमच्या हॉलच्या मागे कंडेन्सरची रांग होती, त्यातून रात्रंदिवस गरम वारा बाहेर यायचा. त्या वाऱ्याच्या तोंडाशी, कुंपणालगत, चेरीचं एक झाड होतं. ते भर जानेवारीत फुलायचं. नवीन लागलेली माणसं कौतुकाने त्याचे फोटो काढत. मला ते झाड कधी आवडलं नाही.

दुसरी गोष्ट हवेची. नागपुरात कूलर झकास चालतो आणि रत्नागिरीत नुसता ओलसर वारा मारतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. बर्फाच्या तोफेचंही तेच. तोफ म्हणजे भलामोठा पंखा आणि त्याच्या तोंडाशी पाण्याचे बारीक फवारे. थेंब खाली पडेपर्यंत गोठला पाहिजे. हवा कोरडी असली तर थेंबातलं थोडं पाणी उडून जातं आणि उरलेलं आणखी गार होतं, माठातल्या पाण्यासारखं. हवा दमट असली तर पारा शून्याला टेकला तरी बर्फ धड होत नाही. म्हणून डोंगरात तोफा चालवणारी माणसं नुसतं तापमान बघत नाहीत, हवेतला ओलावाही बघतात. मला ती काळजी नव्हती. पेटीतली हवा माझं ऐकायची. जिच्यावर कुणाचंच चालत नाही अशा हवेशी झगडणाऱ्या एका माणसाबद्दल लिहायला बसले आहे.

पण आधी गिऱ्हाइकांचं थोडं सांगते, नाहीतर म्हणाल बाईने रडगाणंच लावलं. आइंडहोवनचा एक मराठी मुलगा गावाकडून आलेल्या आईला घेऊन आला होता. काकूंनी पातळावर त्याचं जाकीट चढवलेलं, पायात भाड्याचे बूट. त्यांनी मूठभर बर्फ उचलला, वास घेतला आणि मला विचारलं, "बाई, यांच्या देशात हा वरून पडत नाही होय?" म्हटलं, "पडायचा. आता क्वचित." त्या म्हणाल्या, "मग हे आमच्या टँकरसारखंच झालं की." मुलगा ओशाळला. मी मात्र ते वाक्य पुढे कितीतरी जणांना ऐकवलं. दुसरे एक निवृत्त डच गृहस्थ उन्हाळा कडक झाला की ओव्हरकोट घालून यायचे, खाली बाकावर बसून पेपर वाचायचे आणि निघून जायचे. स्कीला हात लावला नाही कधी. म्हणायचे, लहानपणी जानेवारीत घरात असं वाटायचं.

आणि एके वर्षी सप्टेंबरात सेप आला. टिरोलच्या डोंगरातल्या एका लहान गावचा. तिथल्या मुलांचा स्की-क्लब शरदात हिमनदीवर सराव करायचा, पण हिमनदी इतकी आटली की तिथला सराव बंद पडला. म्हणून क्लबवाले बस भरून आमच्याकडे आले आणि सेप त्यांच्याबरोबर. "डोंगरातली माणसं घसरायला आमच्या कचऱ्यावर आली," असं म्हणून विम खूप हसला. विम म्हणजे माझा तंत्रज्ञ, नोकरीभर माझ्याबरोबर होता. त्याने हसावं हे विशेष, कारण त्याच्या गॅरेजमध्ये स्केट्स टांगलेले असतात. दर वर्षी धार लावून आणतो. कालवा काही गोठत नाही.

हॉल उघडण्याआधी सकाळी आम्ही तोफा चालवायचो. त्या दिवशी बघते तर फवाऱ्याखाली एक उंच, पाठीत वाकलेला माणूस उभा. डावा हात कोपरात वाकवून छातीसमोर आडवा धरलेला आणि नजर बाहीवर. तोफांखाली जायला सक्त मनाई होती. मी माइकवरून ओरडले, तो हलला नाही. तणतणत वर चढून गेले, तर त्याने शांतपणे ती बाही माझ्यासमोर केली. निळ्या जाकिटावर बर्फाचे कण पडत होते आणि टुणकन उडून जात होते, सुपातून कण्या उडाव्यात तसे.

"कोरडा," तो म्हणाला. "उडाला तर कोरडा. चिकटला तर ओला, त्याचा पुढे दगड होतो."

माझ्या मीटरनेही तेच सांगितलं होतं. मीटर असताना बाही कशाला, असं विचारलं तर म्हणाला, "वडील असंच बघायचे." मग म्हणाला, "फार चांगला बर्फ आहे तुमचा." इतकी वर्षं मी तो पाडत होते. नीट पसरला का, पुरला का, विजेचं बिल किती, हे सगळे विचारायचे. चांगला आहे असं कुणी म्हटलं नव्हतं. मी त्याला कॅन्टीनमध्ये कॉफी पाजली.

त्याचं इंग्रजी जेमतेम, आणि माझं जर्मन म्हणजे घसा जरा कमी खरवडून बोललेलं डच. यंत्रांबद्दल बोलायला तेवढं पुरलं. तो मला शेवटपर्यंत 'फ्राऊ माने', म्हणजे मानेबाई, आणि 'तुम्ही' म्हणत राहिला, मीही त्याला 'तुम्ही'च. त्याच्या गावात एकच उतार होता आणि माणसांना त्या उतारावर वर ओढून नेणारी एकच लिफ्ट. त्याच्या वडिलांनी गावकऱ्यांना हाताशी धरून उभारलेली, आता हा चालवायचा. गावाची उंची कमी, त्यामुळे आपोआप पडणाऱ्या बर्फाचा भरवसा केव्हाच संपलेला. तोफांवर भागत होतं, पण हल्ली तोफांना लागणारी थंडीसुद्धा येईना. ओळीने नाताळ बर्फाविना गेले. शेवटी गावाच्या सभेने त्याला पुढल्या वर्षीच्या नाताळपर्यंत मुदत दिली. तेव्हा उतार उघडला तर ठीक, नाहीतर लिफ्ट उतरवायची.

"लिफ्ट गेली की पाहुणे जातील," तो म्हणाला. "पाहुणे गेले की खानावळ, मग दुकान, मग शाळा. ही पोरं आज माझ्याबरोबर आली आहेत ना, त्यांच्यानंतर कुणी नसेल."

मला गप्प बसता येत नाही, हा माझा जन्माचा रोग. मी म्हटलं, "भुसा घाला."

माझे वडील मिरजेच्या बर्फाच्या कारखान्यात फोरमन होते. लग्नसराईत लाद्या जात त्या भुशात लोळवून, पोत्यात गुंडाळून. वैशाखाच्या उन्हात हातगाडीवरून गावभर फिरायच्या आणि तरी मांडवात पोचेपर्यंत शाबूत असायच्या. सेपला मी म्हटलं, जानेवारीत थंडी असते तेव्हा जमेल तेवढा बर्फ पाडून ठेवा, डोंगर रचा, वर भुसा घाला आणि पुढच्या डिसेंबरात उघडा. तो हसला. त्याचे आजोबा तळ्यातला बर्फ असाच तळघरात ठेवायचे. डोंगरात काही ठिकाणी आता असं करतात हेही त्याच्या कानावर होतं, पण आपल्यावर ती वेळ यावी हे त्याच्या मनाने घेतलं नव्हतं. मी कागदी रुमालावर चित्र काढलं. उत्तरेची सावली, खालून पाण्याला वाट, वर हातभर जाड भुसा. त्याने तो रुमाल घडी घालून खिशात ठेवला.

आणि केलं हो त्याने. जानेवारीत थंडी आली तशी तोफा लावून बसला आणि दर सकाळी मला एक फोटो पाठवायला लागला. फोटोत चेहरा नाही, डोंगर नाही, नुसती निळी बाही आणि तिच्यावरचे कण. खाली लिहिलेलं असायचं, "काय म्हणता?" मी नाश्ता करता करता बघायचे आणि कळवायचे, कोरडा. कधी, जरा ओला, पाणी कमी करा. आमचे हे म्हणायचे, "लोकांच्या बायकांना फुलांचे फोटो येतात." पण त्यांनाही सवय झाली. फोटो यायला उशीर झाला तर तेच विचारायचे, "आज बाही नाही आली?"

त्या उन्हाळ्यात आमच्याकडे उष्णतेची लाट आली. कंडेन्सरला उष्णता टाकायला बाहेर जरा तरी गारवा लागतो. बाहेरच भट्टी पेटल्यावर तो टाकणार कुठे? दाब वाढून एकेक कॉम्प्रेसर बंद पडायला लागला. आत तर जत्रा होती, कारण सगळ्या परिसरात गार जागा तेवढी एकच. येणारं प्रत्येक माणूस अंगाची ऊब आत आणत होतं आणि दरवाजा मिटायला तयार नव्हता. पायथ्याचा बर्फ ओल्या साखरेसारखा झाला. विम म्हणाला, "सुनंदा, बंद करूया." मी म्हटलं, बागेचे पाइप आण. मग आम्ही दोघं दिवसभर कंडेन्सरवर पाणी मारत उभे राहिलो, बैल धुवावेत तसे. पेटी वाचली. मॅनेजरने आम्हाला आइस्क्रीम दिलं.

पाणी मारताना माझ्या अंगावर तो सगळा गरम वारा येत होता. आतल्या पोरांना गार वाटावं म्हणून उचललेली उष्णता मी आधीच होरपळलेल्या गावावर ओतत होते, आणि ती आणखी जोरात ओतली जावी म्हणून झटत होते. चेरीच्या झाडाची पानं करपून गेली होती. मला त्या दिवशी माझ्या कामाचा अभिमानही वाटला आणि शिसारीही आली. दोन्ही एकदमच आलं, ते अजून वेगळं करता आलेलं नाही. त्याच संध्याकाळी सेपचा फोटो आला. भुशाच्या डोंगरावर तो टोपी घालून बसलेला. खाली लिहिलेलं, "भुशाखाली गार आहे."

शरदात त्याने भुसा काढला तेव्हा निम्म्याहून जास्त बर्फ शिल्लक होता. मी विमला, कॅन्टीनवाल्या बाईला, अगदी भाजी घ्यायला गेले तिथेही सांगितलं. मिरजेच्या कारखान्यातली विद्या टिरोलला गेली, याचा मला केवढा तोरा आला होता. डिसेंबराच्या सुरुवातीला त्याच्याकडे थंडी पडली. त्याने साठवलेला बर्फ उतारावर पसरला आणि वरून तोफांनी नवा भर घालायला सुरुवात केली. बाहीचे फोटो पुन्हा यायला लागले. कोरडा. कोरडा. फार छान. शेवटी अख्ख्या उताराचा फोटो आला, हिरव्या डोंगरातून उतरलेला पांढरा पट्टा आणि टोकाला त्याची लिफ्ट. खानावळीत खोल्या भरल्या, असंही त्याने कळवलं.

नाताळच्या आदल्या आठवड्यात दक्षिणेकडून गरम वारा सुटला आणि त्याच्या पाठोपाठ पाऊस आला. त्या सकाळी फोटोतली बाही काळीनिळी दिसत होती. त्या भिजलेल्या बाहीवर थेंब होते. खाली काहीच लिहिलेलं नव्हतं. मी हवामान बघितलं. थंडीचा मागमूस नव्हता. बर्फाला उन्हाचा जेवढा त्रास होत नाही तेवढा गरम पावसाचा होतो, पाणी थेट आत शिरून त्याला पोखरतं. भुसा तर तेव्हा बाजूला पडलेला होता.

दोन दिवसांनी त्याचा फोन आला. मी कंट्रोल रूममध्ये होते. काचेपलीकडे हॉल खच्चून भरलेला, पोरांनी लाल टोप्या घातलेल्या, वर गाणी लावलेली.

"फ्राऊ माने, गवत दिसायला लागलं," तो म्हणाला. "आता काय करायचं?"

मी पुन्हा हवामान उघडलं. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं म्हणून उघडलं. मला कुणीही काहीही विचारावं आणि मी ताबडतोब सांगावं, असंच आयुष्यभर चाललेलं.

"काही नाही, सेप," मी म्हटलं. "काही करता येणार नाही."

माझ्या बाजूचा गलका त्याला ऐकू जात असणार.

"तुमच्याकडे गर्दी आहे," तो म्हणाला.

"हो," मी म्हटलं. फोन ठेवला आणि टेबलाशी बसून रडले. विमने येऊन काचेवरचा पडदा ओढला.

कुठलंही यंत्र बंद पडलं की आम्ही शोधतो, काय चुकलं. झडप अडकली, तेल कमी पडलं, सेन्सर खोटं बोलला. काहीतरी सापडतंच, आणि सापडलं की बरं वाटतं, कारण ते दुरुस्त करता येतं. सेपच्या उताराचं सगळं मी मनातल्या मनात शंभरदा उलगडून बघितलं. ढीग बरोबर होता, भुसा बरोबर होता, पसरायची वेळ बरोबर होती. त्याने त्याचं काम चोख केलं, मीही. काहीही चुकलं नव्हतं आणि तरी गवत वर आलं. याच्याइतकं वाईट मला माझ्या कामात दुसरं कधी काही वाटलं नाही.

वसंतात लिफ्ट उतरवली. पुढच्या शरदात सेपने विचारलं, तुमच्याकडे बर्फ सारखा करायच्या गाडीवर माणूस हवाय का? हवाच होता. मॅनेजरला तर हर्ष झाला. टिरोलचा अस्सल माणूस, जाहिरातीत फोटोही छापला त्याचा. सेपने बाडहूव्हडॉर्पला, विमानतळाजवळ, खोली घेतली. डोक्यावरून विमानं जायची, तीसुद्धा स्की घेऊन डोंगराकडे निघालेल्या माणसांनी भरलेली. त्याचं काम मात्र देखणं. त्याच्या हाताखाली आमचा उतार नुकतीच इस्त्री केल्यासारखा दिसायचा. पण तोफा चालू असताना तो कधी खाली उभा राहिला नाही. एकदा मीच म्हटलं, "सेप, बाही नाही धरत?"

"इथे काय बघायचं?" तो म्हणाला. "इथे कोरडाच पडणार." आणि गाडी सुरू केली.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या जानेवारीत त्याच्याच गावचा क्लब पुन्हा आला. मागे शरदात आले होते, आता ऐन हिवाळ्यात आले, कारण गावात घसरायला उतार उरला नव्हता. बस अर्धी रिकामी होती. त्या दिवशी सेपने उतार दोनदा सारखा केला. पोरं त्याला ओळखून हाका मारत होती. त्यानेही हात हलवला, एकाचे बूट आवळून दिले आणि मग दिसेनासा झाला.

मी त्याला शोधत मागच्या दाराने बाहेर गेले. पाऊस पडत होता, जानेवारीतला कोमट पाऊस. कंडेन्सर घरघरत होते आणि चेरी फुलली होती. तिच्यापलीकडे, कुंपणाशी, सेप पाठमोरा उभा होता. डावा हात कोपरात वाकवून छातीसमोर आडवा धरलेला. जाकीट तेच, निळं.

"सेप, पाऊस आहे," मी म्हटलं.

"माहीत आहे."

हात काही त्याने काढला नाही. मी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि माझाही हात तसाच पुढे धरला. स्वेटर होता, लगेच भिजला. पाणी झिरपत कोपरापर्यंत गेलं. आतून पोरांचा गलका ऐकू येत होता.

"काय म्हणता?" त्याने बाहीवरची नजर न काढता विचारलं.

मी वाकून त्याची बाही नीट बघितली, फोटो बघायचे तशी.

"ओला," मी म्हटलं.

"फार ओला," तो म्हणाला, आणि त्याने हात खाली घेतला.